पखालीला औषध

वांझ या शब्दाचं पुल्लिंग मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलंय. माझी मावशी शाळेत भाषा शिकवते, तिला विचारलं तर म्हणाली, "वांझोटा म्हणतात ना." कुठे म्हणतात? झाडाला म्हणतात, तेही वांझोटं. चर्चासुद्धा वांझोटीच असते, कारण चर्चा बाई आहे. वाद कितीही फुकट गेला तरी त्याला कुणी वांझोटा म्हणत नाही, फार तर निष्फळ म्हणतात. पुरुषासाठी आपल्याकडे एकच शब्द तयार आहे, नामर्द, आणि त्याचा अर्थ अगदी भलता आहे. या एका शब्दाच्या गोंधळापायी माझ्या पोटावर सुरी चालायची वेळ आली होती, म्हणून एवढं बोलतेय.

आमच्या घरात खाली जिम आणि वर आम्ही. जिम माझ्या थोरल्या दिरांची. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही म्हणते. माझ्या नवऱ्याला सगळे वाघ म्हणतात. दर वर्षी शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरायचं आणि ढाल घेऊन यायचं, हा त्याचा धंदा. जिमच्या दारावर त्याचा माणसाएवढा फोटो आहे, अंगाला तेल, दंड फुगवलेले, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'शंभर टक्के नैसर्गिक'. म्हणजे औषधं नाहीत, इंजेक्शनं नाहीत, नुसती मेहनत आणि खाणं. त्या फोटोकडे बघून पोरं जिममध्ये नाव घालतात. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, पण आमचा वाघ खातो ते वजन करून. कोंबडीचं उकडलेलं मांस तराजूवर ठेवून ताटात घेणारा माणूस मी लग्नानंतरच पाहिला.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. आता घरात एक माणूस असा, की ज्याचा दंड माझ्या मांडीएवढा. आणि एक मी, चार जिने चढले की धापा टाकणारी. दोष कुणात आहे हे विचारायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "थोरल्याला दोन आहेत. धाकट्याकडे बघताय ना कसा आहे? आता हिचंच काय ते बघायचं."

आणि मग माझं बघायला लागले. सकाळी अनशापोटी भिजवलेल्या बिया, त्या चावून खायच्या, गिळायच्या नाहीत. दुपारी कसल्याशा मुळ्यांचा काढा, एवढा कडू की जीभ बधिर व्हायची. गार पाणी बंद. चहा बंद. रात्री नवरा झोपला की मी भिंतीला पाय वर टेकवून पडून राहायचं, का तर बीज खाली उतरू नये. मी भिंतीवर पाय टाकून छताकडे बघत पडायचे आणि शेजारी वाघ घोरायचा. त्याला कुणी बी चावायला सांगितली नाही. त्याला कुणी चमचाभर काढा दिला नाही.

सगळं 'नैसर्गिक' हवं, हा घराचा हट्ट. निसर्गाच्या नावावर मला काय काय पाजलं, ते जर कुणी गायीला पाजलं असतं तर पोलीस आले असते.

माझं कामही सुटलं ते यातच. मी गाड्यांच्या सीटा शिवते. रेक्झिन कापायचं, फोमचा तुकडा आकारात तासायचा, तो चिकटवायचा, मग जाड सुईच्या मशीनवर कव्हराला टीप मारायची. मालक कुणाचं कौतुक करणाऱ्यातला नव्हता, पण नवीन कारागिरांना माझी टीप दाखवायचा. "गाडी भंगारात जाईल, ही टीप नाही उसवणार." फोम चिकटवायला आम्ही सोल्युशन वापरतो, पिवळं, चिकट, डोक्यात जाणारा वास. तो वास माझ्या ओढणीला यायचा. एक दिवस सासूबाईंनी ओढणी हुंगली आणि निकाल लावला.

"या वासात पोर कसं राहील? उंदीरसुद्धा मरेल."

मला वाटलं, असेलही. खोटं कशाला बोलू, मलाही मूल हवं होतं. भिंतीवर पाय उगीच नव्हते टाकत मी. मी काम सोडलं आणि घरी जिमचे टॉवेल धुवायला लागले. मालकाने माझी कात्री ठेवून घेतली नाही, कागदात गुंडाळून हातात दिली. मी रस्ताभर रडले आणि घरी आल्यावर भाजी चिरायला घेतली.

शेवटी डॉक्टरांकडे जायचं ठरलं, तेही मीच भांडून ठरवलं. बाई वयस्क होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं आणि, आश्चर्य म्हणजे, आधी त्यालाच विचारायला सुरुवात केली. सिगारेट? दारू? तंबाखू? झोप किती? खूप गरम पाण्यात बसता का? वाफेच्या खोलीत? घट्ट कपडे? वाघ मान हलवत होता. मग मला विचारलं. मी सोल्युशनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वास फार असेल तर खिडकी उघडी ठेवायची, तोंडाला मास्क लावायचा. काम सोडायची काय गरज होती?" त्या वाक्यावर मी एवढी चिडले होते की पुढचं थोडं ऐकूच आलं नाही. बिया आणि काढ्याचं ऐकून त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बिया खा, त्याने काही बिघडत नाही. काढा बंद करा. पाय भिंतीवर टाकून काही उपयोग नाही, जे पोचायचं ते पोचतं."

मग पुन्हा त्याच्याकडे वळल्या.

"शरीर कमावता. इंजेक्शनं घेता का?"

"छे," तो म्हणाला.

"नीट विचार करून सांगा. ताकदीसाठी म्हणून जी पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं मिळतात, त्यांनी बीज तयार होणंच बंद पडतं. अंग फुगतं आणि आत कारखाना बंद. घेत असाल तर तुम्हाला तपासण्या नकोत, फक्त ती थांबवायची."

"मॅडम, मी नैसर्गिक गटात खेळतो," तो म्हणाला, आणि हसला. त्याचं हसू चांगलं आहे. मी त्या हसण्यावरच भाळले होते.

त्याच्या कमरेखाली सुया टोचल्याच्या खुणा मी पाहिल्या होत्या. विचारलं होतं तेव्हा म्हणाला होता, व्हिटॅमिनची आहेत, सगळेच घेतात. व्हिटॅमिन कुठे कुणी इंजेक्शनात धरतं?

डॉक्टरांनी एक डबी दिली. नमुना घरून आणला तरी चालेल, पण वेळेत प्रयोगशाळेत पोचवा म्हणाल्या. दोन दिवसांनी सकाळी मी टॉवेल पिळत होते तेव्हा वाघ ती डबी खिशात घालून गेला आणि हात हलवत परत आला. निकाल आला तो असा, की डॉक्टर स्वतःहून म्हणाल्या, "यांच्यात काहीच दोष नाही. उत्तम आहे." सासूबाईंनी ही बातमी गच्चीवरून पलीकडच्या गच्चीवर सांगितली. कुणाच्या बीजाची मोजदाद गच्चीवरून जाहीर झालेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली. त्या दिवसापासून माझ्याकडे बघायची सगळ्यांची नजर बदलली. आधी संशय होता, आता पुरावा होता.

मग माझ्या तपासण्या. रक्त, सोनोग्राफी, पुन्हा रक्त. सगळं नीट. नीट असणं हाच गुन्हा झाला. "नीट आहे तर राहत का नाही?" दादा जेवताना म्हणाले, जणू मी गिऱ्हाइकाची बिघडलेली मशीन होते. डॉक्टर म्हणाल्या, आता एकच राहिलं, दुर्बिणीतून आत बघायचं. भूल द्यायची, बेंबीशी छेद घ्यायचा, नळ्या बंद आहेत का, आत काही चिकटलंय का ते पाहायचं. तारीख ठरली.

तारीख ठरल्यावर माझी जाऊ माझ्याशी बोलेनाशी झाली. तिला मी ताई म्हणते. आम्ही दोघी रोज गच्चीवर टॉवेल वाळत घालतो, घामाचा वास साबणाने जात नाही म्हणून दोघी मिळून शिव्या घालतो. ती गप्प झाली तेव्हा मला वाटलं, तिलाही माझी अडचण वाटायला लागली असेल. मग एका दुपारी तिने हातातला ओला टॉवेल दोरीवर न टाकता पुन्हा बादलीत टाकला.

"ते ऑपरेशन करू नकोस," ती म्हणाली.

"का गं? छोटंसं आहे म्हणतात."

"पोटावर सुरी फिरली की छोटं काही नसतं. माझी दोन्ही पोरं पोट फाडूनच आलीत." ती दाराकडे बघत होती. "त्या डबीत भाऊजींचं काही नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या नवऱ्याचं होतं."

मला आधी हसू आलं. खरंच सांगते, मी फिसकन हसले. डोळ्यांसमोर आलं ते असं, की दादा, ज्यांच्यासमोर घरातले सगळे उठून उभे राहतात, ते बाथरूममध्ये डबी घेऊन.

"हसू नकोस," ताई म्हणाली. "सकाळी बाहेर आले तर हातात डबी. मला वाटलं यांनाच काही झालंय. विचारलं, तर म्हणाले, घरातली गोष्ट आहे, तोंड बंद ठेव. मग सगळं खोदून खोदून काढलं मी त्यांच्याकडून. भाऊजी आधीच गावाच्या त्या टोकाला जाऊन एकटे तपासून आले होते. तुला न सांगता. जवळजवळ काहीच निघालं नाही."

"आणि?"

"आणि काय. आले रडत यांच्याकडे. हे म्हणाले, ताकद कमी पडतेय तुझी. डोस वाढवला."

"कसला डोस?"

ताईने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "तुला खरंच माहीत नाही? खाली ऑफिसातला छोटा फ्रीज. पाण्याच्या बाटल्यांच्या मागे बघ."

बघायची गरज नव्हती, तरी मी बघितलं. छोट्या काचेच्या बाटल्या, ओळीने, आणि सुया. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. रेडा आजारी, आणि औषध पाजायचं कुणाला, तर त्याच्या पाठीवर पाणी भरून ठेवलेल्या कातडी पिशवीला. ऐकताना हसू यायचं. पखाल होऊन बघा एकदा.

सांगायला लाज वाटत नाही, मला त्या क्षणी तो फ्रीज उचलून त्या माणसाएवढ्या फोटोवर फेकावासा वाटला. बीज नाही याचा राग नव्हता. तसं कुणालाही होऊ शकतं, त्यात त्याचा काय गुन्हा. पण या माणसाने मला काढा पिताना पाहिलं होतं. ओकताना पाहिलं होतं. सोल्युशनच्या वासावरून माझी रोजी जाताना पाहिली आणि मूग गिळून बसला. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, की कशाने बंद पडतं, आणि हा हसला.

मी लगेच का नाही बोलले? एक तर ताईने हात धरून सांगितलं होतं, माझं नाव घेऊ नकोस, मला याच घरात राहायचंय. आणि दुसरं, माझा स्वभाव. मला बघायचं होतं, की हा माणूस कुठवर जातो. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं, एवढीच माझी मागणी होती. मी मनातल्या मनात त्याला संधी देत होते, आणि अशी संधी देण्यात एक क्रूरपणा असतो, तो मला चालत होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो आरशासमोर उभा राहून पाठीचे स्नायू बघत होता.

"डॉक्टरांना काही सांगायचं राहिलंय का तुझं?" मी विचारलं.

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "नाही. का?"

"सहज. पोट माझं आहे म्हणून विचारलं."

"घाबरू नकोस गं," तो म्हणाला. "मी आहे ना."

तो होताच. तोच तर प्रश्न होता.

सकाळी दवाखान्यात सगळे आले. वाघ, दादा, सासूबाई, आणि घरून कपड्यांची पिशवी घेऊन ताई. मी उपाशी होते, अंगावर दवाखान्याचा मागून उघडा हिरवा झगा होता आणि सिस्टरने हातात सलाईनची सुई घातली होती. त्या झग्यात माणूस भांडायला बसूच शकत नाही, मागचं धरू की तोंड उघडू असं होतं. खिडकीजवळच्या खुर्चीवर दादा बसले. वाघ उभा होता. त्याला त्या खुर्चीत बसता आलंच नसतं.

डॉक्टर आल्या. शांतपणे सगळं पुन्हा समजावलं. भुलीचा धोका थोडा का होईना असतो, छेदाच्या जागी दुखेल, क्वचित आतल्या अवयवाला इजा होते, पण ते फार क्वचित. "कुणाला काही विचारायचंय? काही सांगायचंय?"

मी वाघाकडे बघितलं. त्याने सुईकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

"नाही," तो म्हणाला. "करून टाका."

करून टाका. जिमच्या गळक्या नळासाठी प्लंबर आला होता, तेव्हाही हेच म्हणाला होता.

तरीही मी गप्प बसले. का, ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित मला अजून वाटत होतं, की स्ट्रेचर हललं की तो ओरडेल.

डॉक्टर म्हणाल्या, "नळ्या मोकळ्या निघाल्या तर वेळ घालवायचा नाही. पुढच्या महिन्यात आपण यांचा नमुना घेऊ, तो धुऊन, निवडून थेट हिच्या गर्भाशयात सोडू. साधी गोष्ट आहे, भूलही लागत नाही. तेव्हा पुन्हा डबी आणावी लागेल. जमेल ना?"

वाघाने दादांकडे पाहिलं.

आणि दादा म्हणाले, "जमेल की."

वाघ नाही. दादा. खिडकीजवळच्या खुर्चीतून, पायावर पाय टाकून, बँकेत कुणी विचारल्यावर सांगावं तसं. जमेल की.

मला कळायला एक क्षण लागला. मग माझ्या अंगातून असं काही गेलं, की मी झगा वगैरे विसरले आणि उठून बसले. सलाईनची नळी ताणली गेली.

"डॉक्टर, मागची डबी यांची होती," मी दादांकडे बोट केलं. "माझ्या नवऱ्याची नव्हती. नवऱ्याचं बीज जवळजवळ नाहीच, ते त्याने आधीच तपासलंय. तो इंजेक्शनं घेतो. तुम्ही सांगितली होती तीच. आणि आता पुढच्या डबीचंही जमणार आहे यांना."

"वेड लागलंय हिला," दादा उठले. "घाबरून बडबडतेय. सिस्टर, यांना झोपेचं काहीतरी द्या."

"खाली बसा," डॉक्टर म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण दादा बसले. मी लग्न होऊन आल्यापासून कुणाच्या सांगण्यावरून त्यांना बसताना पाहिलं नव्हतं. डॉक्टर वाघाकडे वळल्या. "खरं आहे?"

वाघाचे ओठ हलत होते. एवढा मोठा देह, आणि त्यातून आवाज आला तो चोरून काही खाताना सापडलेल्या पोरासारखा.

"मी नामर्द नाहीये," तो म्हणाला. "हिला विचारा. मी तसा... मला तसलं काही नाही."

"मी ते विचारलंच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही अंथरुणात काय करता हा एक भाग आणि बीज तयार होणं हा दुसरा. त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. बाहेरून हार्मोन टोचलं की शरीराला वाटतं भरपूर आहे, ते स्वतःचं काम थांबवतं. जितकं टोचाल तितकं बीज कमी."

"पण दादा म्हणाला, ताकद वाढली की..."

"ताकद!" डॉक्टर म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी या बाईला भूल देणार होते. हिच्या पोटात नळी घालणार होते. तुम्ही दाराशी उभे राहणार होतात?"

मग त्यांनी सांगितलं, की आधी इंजेक्शनं बंद करायची, तीही कुणा तज्ज्ञाला दाखवून. झोप, नेहमीचं खाणं, वाट बघणं. बऱ्याच जणांचं पुन्हा सुरू होतं, काहींना महिने लागतात, काहींना वर्षही, आणि काहींचं होत नाही. एवढं साधं. ज्याच्या नावाने मला मुळ्या उकळून पाजल्या, तो निसर्ग एवढंच मागत होता, की त्या वाघाने सुई खाली ठेवावी. डॉक्टर सिस्टरला ऑपरेशन रद्द म्हणून सांगून बाहेर गेल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण त्याही घाबरल्या असाव्यात, कारण हात गार होता.

खोलीत घरचे उरले. मी वाघाला विचारलं, "पुढच्या डबीत कुणाचं असणार होतं?"

तो रडत होता. रडताना त्याचे खांदे हलत होते, ते खांदे, ज्यांच्यासाठी सगळं चाललं होतं.

"बोल ना. माझ्या पोटात कुणाचं मूल घालणार होतास?"

"बाहेरचं थोडंच होतं," तो म्हणाला. "घरातलंच होतं ना."

दारात ताई होती. तिच्या हातातली पिशवी खाली पडली. डबीचं तिला ठाऊक होतं, पण पुढच्या डबीचं तिच्याही डोक्यात आलं नव्हतं. ती आपल्या नवऱ्याकडे बघत राहिली आणि दादा खिडकीबाहेर बघत राहिले.

"बाई गं," ताई म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

"बंद करतो मी," वाघ माझ्या पायांशी बसला. बसताना खाट हलली. "शपथ. फक्त ही स्पर्धा होऊ दे. तोंडावर आलीये. दादाने स्पॉन्सर आणलेत. मग बंद. सगळं बंद."

यावर माणसाने काय म्हणायचं असतं? मी त्याच्या डोक्याकडे बघत होते. केस विरळ व्हायला लागले होते. मला त्याची कीव आली, आणि कीव आली याचाच जास्त राग आला. गेली काही वर्षं मी एका फोटोबरोबर नांदत होते आणि मूल मात्र माणसाकडून मागत होते.

"स्पर्धा होऊ दे तुझी," मी म्हणाले. "तू ढाल आण. मी माझ्या आईकडे जातेय. माझं काम मला परत मिळालं तर बघते, नाही मिळालं तर दुसरं शोधते. तू बंद कर नाहीतर चालू ठेव, आता ते मला विचारू नकोस. दादांना विचार."

मी ताईकडे बघितलं. "येतेस?"

तिने मान हलवली. "पोरं आहेत गं," ती म्हणाली. "तू जा." आणि पिशवी उचलून माझे कपडे खाटेवर नीट ठेवले, घड्या मोडू न देता.

सिस्टर सुई काढायला आली. तोवर सासूबाई एका कोपऱ्यात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. मला वाटलं, आता त्या मला तरी काही म्हणतील, नाहीतर मुलाच्या एक मुस्काटात ठेवून देतील. त्या पुढे आल्या आणि सिस्टरला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "झालं ते झालं. पण आता बाहेर काय सांगायचं? लोक विचारतील, ऑपरेशन का नाही झालं. काहीतरी सांगायला लागेल ना."

"एवढे दिवस जे सांगत होतात तेच सांगा, आई," मी म्हणाले, आणि मी हळू बोलले नाही. "फक्त माझ्या जागी त्याचं नाव घाला."

सुईच्या जागेतून थोडं रक्त आलं. सिस्टरने कापूस दिला, तो मी अंगठ्याने दाबून धरला आणि कपडे बदलायला गेले.